काळी, पांढरी आणि डोक्यावरचं माळवद

जुन्या महसुली बोलीत गावाचे दोन भाग धरत, एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे राहायची. 'काळी-पांढरी' असा जोडशब्द उच्चारला की त्यात सगळं गाव आलं. पण हे नुसते रंग नव्हते. आमच्या कळमनुरी तालुक्यात, किंवा सगळ्या मराठवाड्यातच म्हणा ना, कापसाची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत हात जावा. तिच्यावर भिंत उभी केली तर चार पावसाळ्यांत तडा गेलाच म्हणून समजा. म्हणून घर बांधायचं ते पांढरीत, आणि बांधायचं तेही पांढऱ्या मातीनंच.

ही पांढरी माती येते कुठून? ती माणसांनीच तयार केलेली आहे. पिढ्यान् पिढ्या एकाच जागी मातीची घरं उभी राहिली, पडली, त्यांच्यावर पुन्हा घरं उठली. चुलीतली राख, शेण, भुसा, चुनखडी, फुटकी मडकी, सगळं त्यात मिसळत गेलं आणि गावाखालची जमीन हळूहळू उंच आणि फिकट होत गेली. पुरातत्त्वाचे अभ्यासक दख्खनमध्ये जुनी वस्ती शोधताना हेच पाहतात, की काळ्या शिवारात पांढरं टेकाड कुठं दिसतंय. टेकाड पांढरं, म्हणजे खाली कुणीतरी राहून गेलेलं आहे. आमच्या आजोबांच्या घराची माती ही त्यांच्या खापरपणजोबांच्याही घराची माती असणार, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही.

या घराबद्दल आज बोलतो आहे ते जुन्याची हळहळ म्हणून नव्हे. कारण ताजं आहे. २०२४ साली दोनदा, २१ मार्चला आणि १० जुलैला, सकाळी लोक चहाच्या तयारीत असताना हिंगोली, परभणी, नांदेड हा सगळा पट्टा हादरला. दोन्ही धक्के ४.५ तीव्रतेचे. जुलैच्या धक्क्याचा केंद्रबिंदू तर कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ निघाला. त्याच्याही आधी काही वर्षं शेजारच्या वसमत तालुक्यात, पांगरा शिंदे परिसरात, जमिनीखालून आवाज येत होतेच. तेव्हापासून आमच्याकडे ज्याचं ज्याचं जुनं घर उभं आहे त्याच्यापुढे एकच प्रश्न आहे. हे ठेवायचं की पाडायचं? आणि पाडलं तर त्याच्या जागी काय बांधायचं?

उत्तराची घाई करण्याआधी ते घर होतं कसं, हे समजून घेऊ.

त्याला आम्ही माळवद म्हणतो. खरं तर माळवद हे नाव छताचं, पण बोलताना अख्खं घरच माळवद होऊन जातं. घर फुटांनी मोजत नसत, खणांनी मोजत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. "पाच खणांचं घर आहे" म्हटलं की सोयरीक पाहायला आलेल्या पाहुण्याला जे कळायचं ते कळे. दगडी तळखड्यावर सागाचा खांब, खांबावर तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा लाकडाच्या चिरफळ्या. त्यावर तरवडाचा नाहीतर कडुनिंबाचा पाला जाडसर अंथरायचा, म्हणजे माती खाली गळत नाही आणि किडीलाही थोडा अटकाव होतो. मग तुडवलेल्या चिखलाचा थर आणि त्याच्यावर कोरडी पांढरी माती. ती धुमसानं चोपून घट्ट करायची आणि उतार पन्हळीकडे ठेवायचा. उजेडासाठी आणि धूर जायला मधे एक भोक ठेवत, त्याला साणं म्हणतात. पाऊस आला की त्याच्यावर फरशीचा तुकडा सरकवायचा. रात्री अपरात्री पावसाची सर आली की "साणं झाका रे!" ही हाक गल्लीतल्या चार घरांतून एकदम ऐकू यायची.

एवढी माती डोक्यावर घ्यायची गरज काय होती? याचं उत्तर सूर्याच्या वाटेत आहे. कळमनुरी साधारण १९.७ उत्तर अक्षांशावर येते. म्हणजे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो आणि तिथून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तो किंचित उत्तरेकडूनच जातो. अशा ठिकाणी भिंतीपेक्षा छतच जास्त भाजून निघतं. जाड मातीत ऊन झिरपायला वेळ लागतो. दुपारची धग खाली पोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि तोवर माणसं वर माळवदावर अंथरूण टाकून चांदण्या मोजत असतात. पंखा नसताना मराठवाड्याचा उन्हाळा लोकांनी काढला तो असा.

आता या छताची वार्षिक देखभाल. मृगाच्या आधी गाडी-दोन गाडी पांढरी आणून माळवदावर टाकायची, गेल्या वर्षी गळलेली जागा हेरून तिथं जास्त दाबायची. श्रावणात वर गवत माजायचं, आघाडा उगवायचा. त्याच्या मुळ्या खोल गेल्या तर त्याच वाटेनं पाणी उतरतं, म्हणून आम्हा पोरांना उपटायला वर पिटाळत. जुनी माती मात्र कुणी काढत नसे. नवीच टाकत. ही गोष्ट जरा लक्षात असू द्या.

आमचं आजोळ कळमनुरीच्या जुन्या गावातलं. दारातून आत आलं की ढेलज, पुढं चौक, चौकाच्या भोवती ओसरी आणि सोपा, आत माजघर, एका अंगाला गोठा, मागं परस. भिंतीतच बांधून काढलेली धान्याची कोठी, तिला बळद म्हणत. काही घरांत जमिनीखाली पेव असायचं. रस्त्याच्या बाजूला खिडकी जवळजवळ नाहीच, घराचं तोंड आत, चौकाकडे. बाहेरून पाहणाऱ्याला नुसती भिंत दिसायची. लोक म्हणतात ते चोरांच्या भीतीनं. असेलही, पण रस्त्यावरची धूळ आणि झळ बाहेर ठेवायलाही त्याचा तेवढाच उपयोग होता.

या घरात 'कामाला जाणं' नावाचा प्रकार नव्हता. काम घरातच राहायचं. शेजारी सोनाराची शेगडी ढेलजेत, कारण गिऱ्हाईक तिथंच टेकणार आणि आतल्या बायकामाणसांना अडचण नको. शिंप्याचं मशीन ओसरीच्या कडेला, कारण टाक्याला उजेड हवा. विणकराचा माग सोप्यात, आणि पाय सोडायला जमिनीत खड्डा. त्या खड्ड्याच्या ओलाव्यानं सूत तुटत नाही, हे विणकर सांगत. शेतकऱ्याचं अर्धं घर तर बैल, कडबा, अवजारं आणि धान्य यांचंच. बायकांचं काम सगळीकडे. जातं, उखळ, पाटा. माळवद हे त्यांचं हक्काचं वाळवण. शेवया, कुरडया, पापड, मिरच्या, हळद, निवडायची डाळ, सगळं वर.

आपली संतपरंपरासुद्धा अशाच घरांतली आहे. नामदेव शिंपी घराण्यातले, त्यांचं नरसी गाव हिंगोलीजवळ. तेरच्या गोरोबाकाकांची कथा सगळ्यांना माहीत आहे. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना रांगतं मूल पायाखाली आलं ते कळलं नाही. कथेचा भक्तिभाव क्षणभर बाजूला ठेवून तिच्यातलं घर पाहा. चिखल घराच्या अंगणातच तुडवला जातो आहे आणि मूल घरातून रांगत थेट कामाच्या जागी येतं आहे. घर आणि कारखाना यांच्यामध्ये उंबराही नाही. महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'त घराच्या पुढच्या भागासाठी पटिसाळ, सोंडी असे शब्द येतात. तेराव्या शतकातही येणाराजाणारा तिथंच बसत होता.

आणि हे त्याहूनही जुनं आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव इथं डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथली वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० ची. घरांत काय काय सापडलं यावरून संशोधकांनी कोणतं घर कुंभाराचं, कोणतं सोनाराचं, कोणतं चुना भाजणाऱ्याचं हे ओळखलं. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही माणसाचा धंदा त्याच्या घराच्या जमिनीवरून वाचता येत होता. आज माझ्या कॉलनीतली घरं कुणी तीन हजार वर्षांनी उकरली तर कोण काय करत होतं याचा त्याला पत्ता लागणार नाही. सगळीकडे सोफ्याच्या पायांच्या खुणा तेवढ्या मिळतील!

परसाबद्दल तर किती सांगावं. परस म्हणजे शोभेची बाग नव्हे. न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं अळू आणि केळ. थोडं पुढं कढीपत्ता, लिंबू, शेवगा. भोपळ्याचा, दोडक्याचा वेल भिंतीवरून थेट माळवदावर चढवलेला, भाजी तोडायला वर जायचं. सावलीच्या जागी दोन वाफे हळदीचे, घरापुरते. कोपऱ्यात उकिरडा, म्हणजे खत. भांडी घासायचं पाणी, अंघोळीचं पाणी, शेण, राख, काहीही गावाबाहेर जात नव्हतं. पाण्याची टंचाई आमच्याकडे नवी नाही. एकच घागर दोनदा वापरायची, हा तेव्हा नेहमीचा शिरस्ता होता.

मात्र त्या घराचं सोनं करून सांगायची माझी तयारी नाही. माजघरात दिवसा कंदील लागायचा. धुरानं आजीचे डोळे कायम लाल असायचे. सारवण, पोतेरा, माती वाहणं, यातलं बहुतेक काम बायकांच्या पाठीवर होतं. आणि गावाच्या कडेला ज्यांना राहायला लावलं होतं, त्यांच्या वाट्याला सागाचे खांबही नव्हते आणि पांढरीही नव्हती. त्यांच्याकडे कूड आणि गवताचं छप्पर.

आता थोडं लांब जाऊ. आतल्या बाजूला उघडणारं घर, चौक, ओसरी, घरातच धंदा आणि मागं खायची बाग, हा नमुना भूमध्य समुद्राच्या काठानंही हजारो वर्षं आहे. उत्तर ग्रीसमधलं ऑलिंथस हे नगर मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपनं इ.स.पू. ३४८ मध्ये उद्ध्वस्त केलं. लोक गेले, घरं तशीच राहिली. डेव्हिड रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकानं १९२८ ते १९३८ च्या दरम्यान तिथली शंभराहून जास्त घरं उकरली. चौक, चौकाच्या उत्तरेला दक्षिणेकडे तोंड करून रुंद ओसरी, मागाला ताण देणारी मातीची वजनं, दळायचे दगड, साठवणीचे रांजण. काही घरांत रस्त्याकडे उघडणारं दुकानही. आमच्या आजोळच्या माणसाला तिथं नेऊन सोडलं असतं तर तो न विचारता चुलीपाशी गेला असता.

ग्रीक लेखक झेनोफन यानं सॉक्रेटिसच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यात सॉक्रेटिस घर कसं असावं ते सांगतो. घराचं तोंड दक्षिणेकडे असावं, म्हणजे हिवाळ्यात ऊन ओसरीत आत येतं आणि उन्हाळ्यात सूर्य वरून जात असल्यानं सावली मिळते. ग्रीसमध्ये हे बरोबर आहे. तिथं पाऊस आणि थंडी एकदम येतात आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. आपल्याकडे उन्हाच्या मागोमाग पाऊस येतो, तोही कोसळणारा. त्यामुळे त्यांनी ओसरीच्या दिशेचा जेवढा विचार केला, तेवढा आपण छताचा केला. तरी मातीची सपाट छतं त्यांच्याकडेही होती. लेबनॉन, पॅलेस्टाईनच्या खेड्यांत छतावर एक दगडी रूळ कायमचा ठेवलेला असे. पाऊस पडून गेला की तो फिरवायचा, म्हणजे माती पुन्हा दबते. आमचा धुमस, त्यांचा रूळ.

आणि बाग? इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेई शहरात विल्हेल्मिना जशेम्स्की या संशोधिकेनं एक युक्ती केली. झाडांची मुळं कुजून राखेत पोकळ्या राहिल्या होत्या. त्या साफ करून तिनं त्यांत सिमेंट ओतलं आणि मुळांचे साचे मिळवले. मोठे राजवाडे सोडाच, साध्या घरांच्या मागंही द्राक्षवेली आणि फळझाडं निघाली. तेही परसच.

कुणी कुणाकडून शिकलं असं मला म्हणायचं नाही. आपलं तेर, म्हणजे त्या काळचं तगर, 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. तिथलं कापड गाड्यांतून भडोच बंदरात आणि पुढं पश्चिमेकडे जात होतं. व्यापार होता, ओळख होती. पण घर बांधायला दोघांनाही उन्हानंच शिकवलं असावं.

भूमध्य समुद्राचा किनारा आणि आपण यांच्यात आणखी एक गोष्ट सारखी निघाली, ती मात्र आपल्याला फार उशिरा कळली. जमीन हलते.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. एवढ्या तीव्रतेच्या भूकंपात एवढी माणसं का जावीत, हा प्रश्न जगभरातल्या अभियंत्यांना पडला. ते आले, त्यांनी ढिगारे पाहिले. उत्तर आमच्या घरातच होतं.

आधी छत. काही घरांवर मातीचा थर दोन-अडीच फुटांपर्यंत गेलेला होता. हिशेब करून पाहा. दहा बाय दहाची खोली आणि दोन फुटांचा थर, म्हणजे दोनशे घनफूट, गवंड्याच्या भाषेत दोन ब्रास माती. वजन नऊ-दहा टन. एका खोलीवर! मघाशी तुम्हाला लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते हेच. बांधणाऱ्यानं पहिल्या वर्षी एवढी माती टाकलेली नव्हती. ती दर मृगाला पाटी पाटीनं साठत गेली, तीन-चार पिढ्यांनी मिळून टाकली, आणि त्यातल्या कुणालाच तिचं वजन जाणवलं नाही.

दुसरं कारण भिंत. दोन-तीन फूट जाडीची दगडमातीची भिंत दिसते एक, पण असते दोन. आतल्या बाजूनं एक दगडी थर, बाहेरून एक, आणि मधे खडी-मातीचा भराव. या दोन थरांना बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बहुतेक घरांत नव्हतेच. जमीन हलली की दोन्ही थर सुटतात, पोट फुगतं आणि दगड कोसळतात. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, हा आपला समज त्या पहाटे खोटा ठरला. गवताच्या छपरात राहणारे गरीब तुलनेनं जास्त वाचले, ही त्यातली कडवट गोष्ट.

पण पाहणी करणाऱ्यांनी आणखी एक नोंद केली, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. जिथं छताचा भार भिंतीवर नव्हता, खांबांवर होता, आणि खांब-तुळयांचे सांधे नीट होते, तिथं काही ठिकाणी भिंती चारी बाजूंनी पडल्या तरी लाकडी सांगाडा छत डोक्यावर घेऊन उभा राहिला. म्हणजे आमच्या सुतारानं घर जवळजवळ वाचवलं होतं.

हे 'जवळजवळ' भूमध्य समुद्रात एका बेटानं पूर्ण केलं. ग्रीसच्या पश्चिमेला लेफ्कादा नावाचं बेट आहे. भूकंप तिथं वरचेवर होतात. १८२५ च्या मोठ्या भूकंपानंतर तिथं घर बांधायची एक रीत पक्की झाली. खालचा मजला दगडाचा, वरचा हलक्या लाकडी चौकटीचा, आणि खाली दगडी भिंतीच्या आतून, तिला न चिकटता, लाकडी खांबांची दुसरी रांग. भिंत पडली तरी वरचा मजला खांब झेलतात. मग भिंत पुन्हा रचायची. खांब आणि आडवं लाकूड यांच्या कोनात तिरके आधार ठोकलेले. १४ ऑगस्ट २००३ रोजी तिथं किल्लारीएवढाच भूकंप झाला तेव्हा ही जुनी घरं चांगली तगली. आमचा खांब-तुळईचा सांगाडा आणि त्यांचा, दोन्ही शेजारी ठेवले तर फरक दोनच. आमच्याकडे ते तिरके आधार नव्हते, आणि त्यांच्या डोक्यावर दहा टन माती नव्हती.

किल्लारीनंतर काय झालं? जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. ते काम मोठं होतं आणि त्याला नावं ठेवणं सोपं आहे, म्हणून जपून बोलतो. घरं तीन मापांची ठरली. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना अडीचशे चौरस फूट, मधल्यांना चारशे, सात हेक्टरांच्या वर जमीन असणाऱ्यांना साडेसातशे. काँक्रीटची छतं, सरळ रुंद रस्ते, आखीव चौकोन. भूकंपात ती पडणार नाहीत हे खरं. पण माप ठरलं ते जमिनीवरून, धंद्यावरून नाही. अडीचशे चौरस फुटांत शिंप्यानं मशीन कुठं ठेवावं, शेळ्या कुठं बांधाव्यात, कडबा कुठं रचावा, हे माप ठरवणाऱ्यांच्या यादीत नव्हतं. लोकांनी मग आपापल्या परीनं घराला पत्र्याचे आडोसे जोडले, अंगणं कुंपणानं आत घेतली. जे नकाशात नव्हतं ते हातानं बांधून काढलं.

त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग कमी लोकांना आठवतो. जुनी घरं न पाडता मजबूत करायची योजना होती. छतावरची माती कमी करून वीतभर ठेवायची आणि मधे प्लॅस्टिकचा कागद घालायचा, म्हणजे दर वर्षी नवी माती लागत नाही. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरकी लाकडं ठोकायची. भिंतीत भोकं पाडून आरपार दगड किंवा काँक्रीटचे तुकडे बसवायचे. खर्च थोडा, साहित्य गावातलं. पण आपल्या माणसांचं मरण ज्या घरांनी पाहिलं, त्यांच्यावर कुणाचा भरवसा उरला नव्हता. लोकांना सिमेंट हवं होतं. त्यांना दोष कसा द्यावा?

१९९३ सालीच भारतीय मानक संस्थेनं दगडमातीच्या आणि नुसत्या मातीच्या बांधकामासाठी भूकंपाच्या दृष्टीनं नियम छापले. त्यांत गोष्टी अगदी साध्या आहेत. दगडी भिंत दीड फुटापेक्षा, म्हणजे ४५० मिलिमीटरपेक्षा जाड नको. दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर आरपार जाणारा दगड हवा. दारं-खिडक्यांच्या वरून घराभोवती सलग पट्टा फिरवायचा. हे कळमनुरीच्या कुठल्याही गवंड्याला अर्ध्या तासात समजेल. पण हे त्याला समजेल अशा भाषेत त्याच्यापर्यंत पोचलेलं मी तरी फारसं पाहिलं नाही.

आता आमच्या भागातला आजचा नमुना पाहा. सागवान परवडत नाही, पांढरी आणायला बैलगाडी नाही, माती टाकायला माणूस नाही. म्हणून माळवद उतरवलं आणि वर पत्रे टाकले. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्र्यांवर दगड ठेवले. २०२४ च्या धक्क्यांनंतर प्रशासनाला सांगावं लागलं, की बाबांनो, पत्र्यावरचे दगड काढून घ्या. दगड काढून पत्रा नीट नटबोल्टनं आवळायचा, हा त्यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. पण मे महिन्यात त्या पत्र्याखाली दुपारी बसून दाखवा. शिंप्याचं मशीन चालणार नाही. माणूस बाहेर झाडाखाली येतो, काम बंद पडतं. घर राहायला झालं, पण कामाचं राहिलं नाही.

घरकुलाचंही तेच. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचं किमान क्षेत्र पंचवीस चौरस मीटर धरलं आहे, म्हणजे सुमारे दोनशे सत्तर चौरस फूट. त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली आहे, हे चांगलं. ज्याला घरच नाही त्याला ते फार मोठं आहे, यात शंका नाही. पण घर पायाला लागेल तेव्हा ते प्लॉटच्या मधोमध बसवू नये, एवढं मी गावात भेटेल त्याला सांगतो. एका कडेला बसवा. उत्तरेला किंवा पूर्वेला आठ फुटांची ओसरी सोडा, तिचं छप्पर हलकं असू द्या. तिथं हळद निवडता येईल, मशीन चालेल, पोरं अभ्यासाला बसतील. न्हाणी मागच्या अंगाला काढा आणि तिचं पाणी नाल्यात न सोडता केळीला सोडा. घर मधोमध बसवलं की चारी बाजूंना चार बोळ उरतात आणि त्यांतला एकही कामाचा राहत नाही.

४.५ आणि ६.२ या आकड्यांत वरवर फारसा फरक वाटत नाही. पण भूकंपाचं मोजमाप असं आहे की दोन्हींतून सुटणाऱ्या शक्तीत जवळजवळ साडेतीनशे पटींचा फरक पडतो. म्हणजे रामेश्वर तांड्याचा धक्का हा किल्लारीच्या मानानं नुसतं दार वाजवणं होतं. मोठा येईलच असं कुणी सांगू शकत नाही, येणार नाही असंही नाही. तोवर जुनं घर असलेल्यानं करण्यासारखं एक काम आहे. साण्याच्या कडेला पट्टी लावून आपल्या डोक्यावर माती किती आहे ते मोजायचं. साण्यातून थराची जाडी उघडी दिसते.

माझ्या मावसभावानं त्या जुलैनंतर मोजली. बावीस इंच भरली. खांब चांगले होते, कीड नव्हती, म्हणून त्यानं घर पाडलं नाही. सुताराकडून प्रत्येक खांबाला तिरके आधार ठोकून घेतले आणि वरची माती आठ इंचांवर आणली. चार खणांची माती उतरवायला पाच दिवस लागले. खाली येताना तिच्यातून खापरं निघाली, एक बांगडीचा तुकडा निघाला, कोळसा निघाला. एवढी माती टाकायची कुठं हा प्रश्न आला तेव्हा मावशी म्हणाली, "परसात टाका की. पांढरीसारखं खत नाही." तिथं या वर्षी दुधी भोपळा लागला आहे. वेल मात्र तिनं माळवदावर चढू दिलेला नाही, मांडव घातला आहे.